शैक्षणिक सल्लागारांचे व्यावसायिक प्रशिक्षण

महाविद्यालये व विद्यापीठे यांतील विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाची व विषयांची निवड, पदवीविषयक नियमांची पूर्तता, अभ्यासातील अडचणींचे निवारण आणि शिक्षणाचा भावी जीवनाशी असलेला संबंध या बाबतींत साहाय्य करणाऱ्या व्यक्तीस शैक्षणिक सल्लागार म्हणतात. हे काम जबाबदारीने पार पाडता यावे म्हणून त्या व्यक्तीस नियुक्तीच्या वेळी व त्यानंतरही वेळोवेळी जे शिक्षण दिले जाते, त्यास सल्लागारांचे व्यावसायिक प्रशिक्षण ही संज्ञा लावतात. शैक्षणिक सल्लागार व समुपदेशक यांच्या कार्यक्षेत्रांत फरक आहे. समुपदेशक हा मुख्यतः मानसिक व भावनिक प्रश्न हाताळणारा आणि मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेला तज्ञ असतो. तर शैक्षणिक सल्लागार बहुधा एखाद्या विषयाचा अध्यापक असतो किंवा केवळ याच कामासाठी नेमलेला पूर्ण वेळ कर्मचारी असतो.

या क्षेत्राचा इतिहास पाहता एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. विद्यार्थ्यापुढील निवडीचे क्षेत्र जेव्हा जेव्हा विस्तारले, तेव्हा तेव्हा सल्लागार नेमण्यात आले. परंतु सल्लागारांनाही शिकविले पाहिजे, हा विचार फार उशिरा रुजला. चांगला अध्यापक हा आपोआपच चांगला सल्लागार असतो, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. सल्लागारांची पहिली विद्यापीठीय व्यवस्था आणि त्यांच्या प्रश्नांचा विचार करणारी पहिली राष्ट्रीय परिषद यांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बरोबर शंभर वर्षांचे अंतर आहे. या विलंबाची किंमत मुख्यतः विद्यार्थ्यांना द्यावी लागली. ज्यांच्या घरी उच्च शिक्षणाची परंपरा नव्हती, त्यांना ती अधिक भोवली.

पूर्वपीठिका : ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील महाविद्यालयांत विद्यार्थ्याच्या अध्ययनाची व आचरणाची देखरेख करणाऱ्या ट्यूटरची प्रथा जुनी आहे. अमेरिकेतील १६३६ मध्ये स्थापन झालेल्या हार्व्हर्डसह वसाहतकालीन महाविद्यालयांनी तिचे अनुकरण केले. तेथे अध्यक्ष व ट्यूटर हे विद्यार्थ्यांचे पालक मानले जात. ते विद्यार्थ्यांबरोबरच राहत, त्यांना शिकवीत आणि शिस्तही लावीत. लॅटिन, ग्रीक, गणित, तर्कशास्त्र व नीतिशास्त्र हा अभ्यासक्रम सर्वांना सारखाच असल्याने विषय निवडण्याचा प्रश्न उद्भवत नसे. त्यामुळे स्वतंत्र सल्लागाराचीही गरज भासत नसे.

सल्लागार या अर्थाचा शब्दप्रयोग ज्या सुरुवातीच्या कागदपत्रांत आढळतो, त्यांत ओहायओ राज्यातील केन्यन महाविद्यालयाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. डेव्हिड बेट्स डग्लस (१७९०–१८४९) हे अध्यक्ष असताना प्रत्येक विद्यार्थ्याने अध्यापकांपैकी एकाची आपला सल्लागार व मित्र म्हणून निवड करावी, असा नियम करण्यात आला. त्यावेळी तेथे शिकत असलेले व पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रदरफर्ड हेझ (१८२२–९३) यांनी १८४१ मध्ये आपल्या आईला लिहिलेल्या पत्रात या नियमाची हकीकत आली आहे. सल्लागार हा विद्यार्थी व अध्यापकवर्ग यांच्यातील दुवा असावा, अशी त्यामागील कल्पना होती.

ऐच्छिक विषयपद्धती व सल्लागाराचा उदय : १८६९ ते १९०९ या काळात हार्व्हर्डचे अध्यक्ष असलेले चार्ल्स विल्यम एलियट (१८३४–१९२६) यांनी सक्तीचे विषय क्रमाने कमी केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या वर्षाचे इंग्रजी लेखन सोडल्यास तेथील जवळजवळ सर्व विषय ऐच्छिक झाले होते. विद्यार्थी प्रौढ असून आपले हित जाणतो, ही एलियट यांची भूमिका होती. प्रत्यक्षात अनेक विद्यार्थी सोपे विषय निवडू लागले, तर काहींच्या निवडीत कसलीच संगती उरली नाही. स्वातंत्र्य देणे पुरेसे नसून ते वापरण्यासाठी साहाय्यही द्यावे लागते, हे या अनुभवाने प्रथम दाखवून दिले.

बॉल्टिमोर येथे १८७६ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने या प्रश्नाचा आरंभीच विचार केला होता. त्याचे पहिले अध्यक्ष डॅन्येल कॉइट गिल्मन (१८३१–१९०८) यांनी परस्परसंबद्ध विषयांचे गट आखून दिले आणि १८७७ मध्ये अध्यापक-सल्लागारांची पद्धती सुरू केली. १८८९ मध्ये त्या विद्यापीठात प्रमुख सल्लागाराचे पद निर्माण झाले. त्याच वर्षी हार्व्हर्डनेही नवागत विद्यार्थ्यांसाठी सल्लागार मंडळ नेमले. एलियट यांच्यानंतर अध्यक्षपदी आलेले ॲबट लॉरेन्स लोएल (१८५६–१९४३) यांनी एका विषयाचा सखोल अभ्यास व इतर विषयांचा परिचय या तत्त्वावर ऐच्छिक पद्धतीला मर्यादा घातल्या. तीच पद्धती पुढे मुख्य व दुय्यम विषय या स्वरूपात सर्वत्र पसरली.

या सर्व प्रयोगांत सल्लागारांच्या तयारीचा विचार मात्र आढळत नाही. सल्लागार म्हणजे नियमपत्रिका हाती दिलेला अध्यापक. पुष्कळ ठिकाणी ही भेट वर्षातून एक-दोनदा विषयांच्या यादीवर सही करण्यापुरतीच उरली. बढतीसाठी संशोधन व अध्यापन यांचा विचार होई, सल्लागारीचा होत नसे. त्यामुळे अध्यापकांनीही या कामाकडे दुर्लक्ष केले.

मार्गदर्शन चळवळ : सल्ला देणे हे शिकून घेण्याचे कौशल्य आहे, हा विचार विद्यापीठांबाहेर जन्मास आला. फ्रँक पार्सन्स (१८५४–१९०८) यांनी १९०८ मध्ये बॉस्टन येथे व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र स्थापन केले. त्यांचा चूझिंग अ व्होकेशन हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्तीची पात्रता, व्यवसायाची माहिती आणि या दोहोंचा तर्कशुद्ध मेळ ही पार्सन्स यांची त्रिसूत्री होती. मार्गदर्शन करणाऱ्यांना शिक्षण दिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या वर्गीकरणासाठी मानसशास्त्रीय कसोट्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. युद्धानंतर ही तंत्रे महाविद्यालयांत आली. सैन्यातील त्या कामाचे एक प्रमुख वॉल्टर डिल स्कॉट हे १९२० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे अध्यक्ष झाले व त्यांनी तेथे विद्यार्थिसेवेचे कार्यालय उघडले.

अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने १९३७ मध्ये विद्यार्थिसेवेविषयीचे आपले प्रसिद्ध निवेदन प्रकाशित केले. त्याची सुधारित आवृत्ती १९४९ मध्ये निघाली. विद्यार्थ्याच्या केवळ बुद्धीचा विचार न करता त्याच्या संपूर्ण व्यक्तिमत्त्वाचा विचार व्हावा, हे त्यातील सूत्र होते. यानंतर समुपदेशन, वसतिगृह, आरोग्य, आर्थिक साहाय्य इ. सेवांसाठी शिक्षित कर्मचारी नेमले जाऊ लागले. कार्ल रॉजर्स (१९०२–८७) यांच्या १९४२ मधील काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी या ग्रंथाने समुपदेशनाला नवी बैठक दिली. अशा रीतीने समुपदेशकाचा व्यवसाय आकारास आला. त्याची पदव्युत्तर शिक्षणक्रमांची व्यवस्थाही झाली. शैक्षणिक सल्ल्याचे काम मात्र पूर्वीप्रमाणेच अप्रशिक्षित अध्यापकांकडे राहिले. एकाच संस्थेत शेजारी शेजारी चालणाऱ्या या दोन कामांच्या दर्जात पडलेली तफावत पुढील तीन दशके कायम राहिली.

विद्यार्थिसंख्येतील वाढ : अमेरिकेत १८६९–७० मध्ये उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सु. ५२,००० होती, १९३९–४० मध्ये ती सु. १५ लाख आणि १९६९ मध्ये सु. ८० लाख झाली. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी साहाय्य मिळाले. त्याचा लाभ घेऊन सु. २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले. १९६५ च्या उच्च शिक्षण अधिनियमाने निर्धन कुटुंबांतील मुलांना, तर नागरी हक्कांच्या चळवळीने कृष्णवर्णीयांना ही दारे उघडून दिली. दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांचा विस्तारही याच काळातला. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या कुटुंबात यापूर्वी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. कोणता विषय कोणत्या विषयाआधी घ्यावा, अर्ज कोठे करावा, नापास झाल्यास काय करावे, यांसारख्या गोष्टी सुशिक्षित घरातील मुलाला बोलण्याबोलण्यातून कळतात. या विद्यार्थ्यांना त्या सांगणारे कोणी नव्हते. प्रवेश मिळूनही पदवी न घेता बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे चिंतेचा विषय ठरले आणि सल्लागाराच्या कामाकडे नव्याने लक्ष वेधले गेले.

विकासलक्ष्यी दृष्टिकोन : १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन लेखांनी या विषयाला सैद्धांतिक अधिष्ठान दिले. बर्न्स क्रुकस्टन यांनी सल्ल्याचे आदेशात्मक व विकासलक्ष्यी असे दोन प्रकार केले. आदेशात्मक सल्ल्यात सल्लागार हा वैद्यासारखा असतो. विद्यार्थी दुखणे घेऊन येतो आणि सल्लागार औषध लिहून देतो. ते लागू पडले नाही, तर दोष सल्लागाराकडे जातो. विकासलक्ष्यी सल्ल्यात दोघेही जबाबदारी वाटून घेतात आणि निर्णय कसा घ्यावा, हे विद्यार्थी शिकतो. म्हणून सल्ला देणे हा अध्यापनाचाच एक प्रकार होय, असे क्रुकस्टन यांनी प्रतिपादिले. टेरी ओबॅनियन यांनी सल्ल्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या : जीवनध्येयांचा शोध, व्यवसायध्येयांचा शोध, शिक्षणक्रमाची निवड, विषयांची निवड आणि वेळापत्रकाची आखणी. बहुतेक संस्थांत शेवटच्या दोन पायऱ्यांनाच सल्ला म्हटले जात होते, हे या क्रमावरून उघड झाले. विद्यार्थी अडचण घेऊन येण्याची वाट न पाहता सल्लागाराने आधीच त्याच्याशी संपर्क साधावा, हा रॉबर्ट ग्लेनन यांनी १९७५ च्या सुमारास मांडलेला विचारही याच काळातील आहे.

सल्ला म्हणजे अध्यापन, हे एकदा मान्य केल्यावर अध्यापकाप्रमाणेच सल्लागारालाही शिक्षण हवे, हे ओघानेच आले. प्रशिक्षणाच्या चळवळीची तात्त्विक पायाभरणी या दोन लेखांनी झाली, असे म्हणता येईल.

राष्ट्रीय संघटना : ऑक्टोबर १९७७ मध्ये व्हर्मॉंट राज्यातील बर्लिंग्टन येथे शैक्षणिक सल्लागारीवरील पहिली राष्ट्रीय परिषद भरली. तीतून १९७९ मध्ये नॅशनल ॲकॅडेमिक ॲडव्हायझिंग असोसिएशन, संक्षेपाने ‘नॅकाडा’, ही संघटना स्थापन झाली. अध्यापक-सल्लागार, पूर्ण वेळ सल्लागार, समुपदेशक व प्रशासक असे सर्व तीत सामील झाले. १९८१ मध्ये संघटनेने आपले संशोधनपर नियतकालिक सुरू केले. १९८६ मध्ये उच्च शिक्षणातील सेवांची मानके ठरविणाऱ्या परिषदेने शैक्षणिक सल्ल्याची मानके प्रसिद्ध केली. १९८७ पासून उन्हाळी प्रशिक्षणवर्ग भरू लागले. त्यांत संस्थांचे प्रतिनिधी एकत्र राहून आपल्या संस्थेसाठी सुधारणेचा आराखडा तयार करीत. संघटनेचे मुख्य कार्यालय १९९० पासून कॅन्ससमधील मॅनहॅटन येथे, कॅन्सस राज्य विद्यापीठात आहे. मूलभूत मूल्यांचे निवेदन १९९४ मध्ये तयार झाले. २००५ व २०१७ मध्ये त्याचे पुनर्लेखन करण्यात आले. कॅन्सस राज्य विद्यापीठाने संघटनेच्या सहकार्याने या विषयाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र शिक्षणक्रम व त्यानंतर पदव्युत्तर पदवी शिक्षणक्रम सुरू केला. इतर देशांतील सभासद वाढल्यामुळे २०१२ मध्ये संघटनेने आपल्या नावात जागतिक समुदाय असा बदल केला.

प्रशिक्षणाचे स्वरूप : वेस्ली हॅबली यांनी १९८७ मध्ये प्रशिक्षणाच्या आशयाचे तीन घटक सांगितले. २०१७ मध्ये नॅकाडाने प्रसिद्ध केलेला मूलभूत क्षमतांचा आराखडा याच तीन घटकांवर उभा आहे.

(१) वैचारिक घटक : यात सल्लागारीचा इतिहास, तिची तत्त्वे, विद्यार्थ्याच्या विकासाविषयीचे सिद्धांत आणि व्यावसायिक नीती यांचा समावेश होतो. आपण हे काम कशासाठी करतो, याचे उत्तर या घटकातून मिळते.

(२) माहितीविषयक घटक : संस्थेचे नियम, शिक्षणक्रमांची रचना, श्रेयांकांची मोजणी, शिष्यवृत्त्या, साहाय्य करणारी इतर कार्यालये व कायदे यांचे ज्ञान यात येते. उदा., अमेरिकेत विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी गोपनीय ठेवण्याविषयी १९७४ चा कायदा आहे. पालकाने विचारले तरी कोणती माहिती देता येत नाही, हे सल्लागाराला ठाऊक असावे लागते.

(३) संबंधविषयक घटक : ऐकून घेणे, योग्य प्रश्न विचारणे, विश्वास संपादन करणे, भिन्न सामाजिक स्तरांतील विद्यार्थ्यांशी आदराने वागणे आणि आपल्या आवाक्याबाहेरचा प्रश्न ओळखून विद्यार्थ्याला योग्य तज्ञाकडे पाठविणे ही कौशल्ये यात मोडतात.

प्रशिक्षणाच्या पद्धतींत व्याख्याने, हस्तपुस्तिका, अनुभवी सल्लागाराच्या मुलाखतींचे निरीक्षण, भूमिकापालन, प्रकरणचर्चा, वाचनमंडळे व सहकाऱ्यांकडून होणारे परीक्षण यांचा समावेश होतो. यांपैकी प्रकरणचर्चा विशेष उपयुक्त ठरली आहे. उदा., गणितात दोनदा अनुत्तीर्ण झालेली विद्यार्थिनी अभियांत्रिकीचा शिक्षणक्रम सोडण्याची परवानगी मागते, असे प्रकरण चर्चेस घेतात. केवळ नियम जाणणारा सल्लागार तिला अर्ज देऊन मोकळा होतो. प्रशिक्षित सल्लागार ती कोणत्या वेळी अभ्यास करते, नोकरी करते काय, पूर्वीचे गणित कच्चे राहिले आहे काय, हा शिक्षणक्रम तिने स्वतः निवडला की घरच्यांनी, हे प्रथम समजून घेतो. शेवटी निर्णय कदाचित तोच होईल. परंतु तो विद्यार्थिनीने विचारपूर्वक घेतलेला असेल. हा फरक पुस्तकातून सांगता येतो, अंगी मात्र सरावानेच बाणतो. म्हणून नियुक्तीच्या वेळचे एक दिवसाचे प्रशिक्षण अपुरे मानले जाते व किमान पहिले वर्षभर देखरेखीखाली काम करण्याची शिफारस केली जाते.

फलश्रुती व मर्यादा : अमेरिकन कॉलेज टेस्टिंग या संस्थेने १९७९ पासून सल्लागारीच्या अनेक राष्ट्रीय पाहण्या केल्या. अध्यापक-सल्लागारांचे प्रशिक्षण अल्पकाळाचे असते, त्याचा भर माहितीवर राहतो, वैचारिक व संबंधविषयक घटकांची उपेक्षा होते आणि या कामाचे मूल्यमापन व गौरव क्वचितच होतो, हे निष्कर्ष त्यांतून वारंवार पुढे आले. संघटना स्थापन होऊनही संस्थांच्या व्यवहारात बदल सावकाश झाला, हे यावरून दिसते.

प्रशिक्षणाइतकाच सल्लागारामागील विद्यार्थिसंख्येचा प्रश्न महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्क नगर विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या सामुदायिक महाविद्यालयांत एक प्रयोग सुरू केला. त्यात एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी सोपविण्यात आले. एरवी तेथे हे प्रमाण ६०० ते १,५०० असे होते. सल्लागाराची वारंवार भेट घेणे सक्तीचे होते. शिवाय शुल्क, पुस्तके व प्रवास यांसाठी साहाय्य मिळे. चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांच्या तुलनेवर आधारित अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तीन वर्षांत पदविका मिळविणाऱ्यांचे प्रमाण प्रयोगातील गटात ४० टक्के, तर दुसऱ्या गटात २२ टक्के होते. हे यश केवळ सल्ल्याचे नसून सर्व साहाय्याचे एकत्रित फलित आहे. तथापि सल्लागार हा त्या व्यवस्थेचा कणा होता. जॉर्जिया राज्य विद्यापीठाने २०१२ मध्ये गुणांच्या नोंदींचे संगणकीय विश्लेषण करून अडचणीत येऊ शकणारे विद्यार्थी आधीच हेरण्याची पद्धती अवलंबिली. यंत्राने दिलेल्या इशाऱ्याची दखल घेण्यासाठी विद्यापीठाला चाळीसहून अधिक नवे सल्लागार नेमावे लागले, ही गोष्ट लक्षणीय आहे. इशारा मिळाल्यानंतर विद्यार्थ्याशी काय व कसे बोलावे, हे अखेर माणसालाच ठरवावे लागते.

सल्लागारी हा पूर्ण अर्थाने व्यवसाय आहे काय, याविषयी मतभेद आहेत. स्वतंत्र ज्ञानशाखा, प्रवेशाची निश्चित अर्हता व सर्वमान्य नीतिनियम या व्यवसायाच्या कसोट्या मानल्या, तर नीतिनियम आहेत, ज्ञानशाखा आकार घेत आहे, परंतु अर्हता निश्चित नाही, असे चित्र दिसते. काहींच्या मते अर्हता सक्तीची केल्यास अध्यापक या कामापासून दूर जातील व विद्यार्थी आपल्या विषयाच्या जाणकारास मुकतील. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणून अनेक विद्यापीठांत प्रारंभीच्या वर्षांत पूर्ण वेळ सल्लागार व नंतर विषयाचा अध्यापक अशी विभागणी करतात.

ब्रिटन व दूरशिक्षण : ब्रिटनमध्ये व्यक्तिगत ट्यूटरची प्रथा टिकून राहिली. अलीकडे २०१५ मध्ये स्थापन झालेल्या सल्लागार व ट्यूटर यांच्या संघटनेने प्रशिक्षण व व्यावसायिक मान्यतेची योजना आखली आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने यापूर्वीच एक महत्त्वाची भर घातली होती. घरी बसून शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी त्याने अध्यापन व सल्ला ही दोन्ही कामे करणारा ट्यूटर-समुपदेशक नेमला आणि त्याच्या तयारीसाठी लिखित साहित्य पुरविले. प्रत्यक्ष भेट क्वचित होत असल्याने टपालाने आलेल्या उत्तरपत्रिकेवर शेरा कसा लिहावा, हादेखील तेथे प्रशिक्षणाचा विषय झाला.

भारत : मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. ती प्रामुख्याने परीक्षा घेणारी होती. अभ्यासक्रम विद्यापीठाने ठरवावा, महाविद्यालयाने शिकवावा व विद्यार्थ्याने परीक्षा द्यावी, या चौकटीत निवडीला वाव थोडा होता. महत्त्वाची निवड शालान्त परीक्षेच्या सुमारास होई. त्यामुळे आपल्याकडे मार्गदर्शनाची चळवळ महाविद्यालयांऐवजी शालेय पातळीवर वाढली. कलकत्ता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाने १९३८ मध्ये या कामास आरंभ केला. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांचे खाजगी केंद्र व १९४७ मध्ये पारशी पंचायतीचे केंद्र सुरू झाले. १९५० मध्ये मुंबई सरकारने व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र स्थापन केले. १९५४ मध्ये दिल्ली येथे केंद्रीय संस्था निघाली.

राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) विद्यार्थिकल्याणासाठी सल्लागार मंडळ व विद्यार्थी-अधिष्ठाता यांची शिफारस केली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) दर हजार विद्यार्थ्यांमागे निदान एक समुपदेशक असावा, असे सुचविले. या शिफारशी फार थोड्या संस्थांत अंमलात आल्या.

अमेरिकी पद्धतीची सल्लागारी भारतात थेट आली, ती कृषी विद्यापीठे व तंत्रज्ञान संस्था यांच्याद्वारे. १९६० मध्ये पंतनगर येथे पहिले कृषी विद्यापीठ अमेरिकेतील भूअनुदान विद्यापीठांच्या नमुन्यावर उभारण्यात आले. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली येथे अशी विद्यापीठे झाली. सत्र पद्धती, श्रेयांक व सल्लागार ही त्यांची वैशिष्ट्ये होत. विषयांच्या नोंदणीपत्रकावर सल्लागाराची सही लागत असल्याने विद्यार्थ्याची त्याच्याशी निदान सत्रातून एकदा गाठ पडते. परंतु पद्धती आली, तरी सल्लागारांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था तिच्याबरोबर आली नाही.

प्रशिक्षणाकडे काही प्रमाणात लक्ष दिले, ते मुक्त विद्यापीठांनी. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने अभ्यासकेंद्रांवर शैक्षणिक समुपदेशक नेमले आणि दूरशिक्षणातील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी १९९३ मध्ये स्वतंत्र संस्था काढली. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९) या भूमिकेसाठी संमंत्रक हा मराठी शब्द रूढ केला. शेतकरी, कामगार, गृहिणी अशा नाना थरांतील विद्यार्थ्यांशी मराठीतून बोलणारा संमंत्रक हा त्या विद्यापीठाचा विद्यार्थ्याला दिसणारा चेहरा ठरला.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ मध्ये अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना सुरू केली. पुणे, मुंबई, नागपूर इ. विद्यापीठांत व गोवा विद्यापीठातही अशी केंद्रे निघाली. या केंद्रांचे २०१५ मध्ये मानव संसाधन विकास केंद्र आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र असे नामांतर झाले. त्यांतील उद्‌बोधन व उजळणी वर्गांनी अध्यापकांना विषयज्ञान व अध्यापनतंत्र दिले. २०२३ च्या आठ विषयसूत्रांत विद्यार्थ्यांतील विविधता व समावेशक शिक्षण यांना स्थान आहे. सल्लागारी हे मात्र स्वतंत्र सूत्र नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने २०१७ च्या सुधारित चौकटीत मार्गदर्शक अध्यापक व विद्यार्थी यांचे प्रमाण विचारात घेण्यास आरंभ केल्यावर शिक्षक-पालक योजना बहुतेक महाविद्यालयांत आली. या योजनेत प्रत्येक अध्यापकाकडे विद्यार्थ्यांची यादी व नोंदवही येते. संभाषणाचे शिक्षण अभावानेच मिळते.

२०१५ ची श्रेयांकाधिष्ठित निवड पद्धती व २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यांमुळे ही उणीव अधिक जाणवू लागली आहे. मुख्य व दुय्यम विषय, अन्य विद्याशाखांतील विषय, शिक्षणक्रमातून मध्येच बाहेर पडण्याची व परत येण्याची मुभा आणि २०२१ मध्ये सुरू झालेली श्रेयांक-पेढी यांनी विद्यार्थ्यापुढील पर्याय एकदम वाढले. महाराष्ट्रात २०२४–२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही ही रचना लागू झाली. २०२१–२२ च्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सु. ४ कोटी ३३ लाख होती. त्यांत कुटुंबातील पहिल्या पिढीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. एक वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणे एखाद्या विद्यार्थ्याला सोयीचे असते, तर दुसऱ्याच्या बाबतीत तो शिक्षण कायमचे सुटण्याचा आरंभ असतो. नियमाच्या दृष्टीने हे दोघे सारखेच. त्यांतील भेद ओळखण्यासाठी त्यांच्याशी बोलणारा जाणता माणूस लागतो.

ऐच्छिक विषयांच्या आगमनानंतर हार्व्हर्डपुढे जो प्रश्न उभा राहिला होता, तोच आज भारतीय महाविद्यालयांपुढे कितीतरी मोठ्या प्रमाणात आहे. सल्लागारांच्या निवडीचे निकष, नियुक्तीपूर्वीचे व सेवांतर्गत प्रशिक्षण, कार्यभारात या कामाच्या तासांची गणना, पदोन्नतीत त्याची दखल आणि प्रादेशिक भाषांतील हस्तपुस्तिका या गोष्टी त्यासाठी आवश्यक आहेत. त्यांपैकी बहुतेकांना मोठा खर्च लागत नाही. सल्लागारी हे शिकण्यासारखे व शिकविण्यासारखे काम आहे, एवढे मान्य होण्यास अमेरिकेत एक शतक लागले. तो अनुभव उपलब्ध असल्याने येथे तितका काळ जाण्याचे कारण नाही.